पेन्शनच्या दिवशी काढलेले पैसे

ती घटना आजही आठवते ती दोन बायकांमुळे. एक ब्याऐंशी वर्षांची जपानी आजी आणि दुसरी तिशीतली पुण्याची बाई. चार दिवस मी या दोघींसमोर आळीपाळीने बसलो आणि चारही दिवस दोघींनी मला दाद दिली नाही. भल्याभल्या ठकांना बोलतं केलेला माणूस मी, पण इथे माझी मात्रा चालेना.

मराठी माणूस जपानच्या पोलिसात कसा, हा प्रश्न वाचकांना पडणारच, म्हणून तो आधी उरकून टाकतो. वडील सातारा जिल्ह्यात हवालदार होते. मी जपानी भाषा शिकायला इथे आलो, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथलं नागरिकत्व घेतलं आणि परकी भाषा येणाऱ्यांची पोलिसात भरती निघाली तेव्हा अर्ज केला. निवड झाल्याचं कळवलं तेव्हा वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "तिथे हवालदाराला सायकल तरी देतात का?" देतात. पहिली काही वर्षं मी ती भरपूर हाणली. पुढे फसवणुकीचे गुन्हे पाहणाऱ्या शाखेत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझी शेवटची नेमणूक तोक्योला लागून असलेल्या ग्योतोकु भागात होती. इथे आपली माणसं पुष्कळ. स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं की कुणीतरी "अगं, थांब ना" म्हणतंच. नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही.

जपानमध्ये पेन्शन दर दोन महिन्यांनी पंधरा तारखेला जमा होतं. त्या दिवशी बँकांत म्हाताऱ्या माणसांची रीघ लागते आणि आमच्या ठाण्याचे निम्मे लोक बँकांच्या दारात उभे असतात. कारण इथला सगळ्यात नीच धंदा म्हणजे फोनवरची फसवणूक. "आई, मी बोलतोय, ऑफिसचे पैसे हरवले, आज भरले नाहीत तर नोकरी जाईल," असा फोन येतो. आवाज ओळखीचा वाटतो, जीव घाबरा होतो, आणि म्हातारी आई आयुष्यभराची पुंजी काढून कुणा भलत्याच्याच हातात ठेवते. म्हणून वयस्कर माणसाने मोठी रोकड मागितली की बँकेतली मुलगी हसून विचारते, "एवढे पैसे कशासाठी हो, आजी?" उत्तर पटलं नाही की ती आम्हाला फोन करते.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला असाच एक फोन आला.

"या आजी दर पेन्शनला पाच लाख येन रोख काढतात," बँकेतली मुलगी हळू आवाजात सांगत होती. "तीन वर्षं झाली. विचारलं की म्हणतात, घराची दुरुस्ती. आणि दर वेळी एक परदेशी बाई बरोबर असते. ती आत येत नाही, दाराशी सायकल धरून उभी राहते."

पाच लाख येन म्हणजे आपले अडीच-तीन लाख रुपये. तीन वर्षं घराची दुरुस्ती चालली असेल तर एव्हाना राजवाडा झाला असला पाहिजे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो बघायला गेलो.

राजवाडा वगैरे काही नव्हता. जुनं दुमजली लाकडी घर, छपरावर कधीतरी वादळानंतर बांधलेली निळी ताडपत्री, आणि शेजारी सहा बिऱ्हाडांची एक छोटी इमारत. या घराण्याचा पूर्वी नोरीचा धंदा होता. नोरी म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचे कागदासारखे पातळ पापड, जपानी माणूस ते भाताला गुंडाळून खातो. पुढे किनाऱ्यावर भराव पडला, धंदा बुडाला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. आजींचे यजमान वारले होते. एकुलता एक मुलगा उत्तरेला सेंदाईत विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरीला होता. आजी एकट्याच राहत आणि शेजारच्या इमारतीच्या भाड्यावर त्यांचं व्यवस्थित चाललं होतं.

आजींनी मला बसायला उशी दिली, चहा दिला, बाकी काही दिलं नाही.

"पैसे कुठे आहेत, आजी?"

"खर्च झाले."

"कशावर?"

"घराच्या दुरुस्तीवर."

मी खिडकीतून ताडपत्रीकडे बघितलं. आजींनीही बघितलं. मग त्या म्हणाल्या, "छप्पर अजून व्हायचंय."

"तुमच्याबरोबर येते ती बाई कोण?"

"भाडेकरू आहे. माझे गुडघे दुखतात, म्हणून सोबत येते. फार चांगली मुलगी आहे. तिला यात ओढू नका."

"यात म्हणजे कशात?" मी विचारलं.

आजी उठल्या आणि चहाचे पेले धुवायला लागल्या. माझा पेला अजून अर्धा भरलेला होता.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत जवळच्या नातेवाइकाला कळवायचं अशी आमची रीत आहे. त्याप्रमाणे मी मुलाला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी बुलेट ट्रेनने आला. आईचं पासबुक बघून त्याचा चेहरा पडला. मग त्याने कपाटं, कपड्यांचे खण, देव्हाऱ्याची मागची बाजू, सगळं धुंडाळलं. घरात एक नोट सापडली नाही. आई कोपऱ्यात बसून टीव्ही बघत होती. तो बंद होता.

"ती भारतीय बाई," मुलगा म्हणाला. "दुसरं कोण असणार?" त्याने संध्याकाळी ठाण्यात येऊन रीतसर तक्रार दिली. त्याचा राग मला खोटा वाटला नाही. आपण तीन-तीन महिने आईकडे फिरकलो नाही याची टोचणी ज्याला असते, त्याला दोष द्यायला कुणीतरी लागतंच.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या बाईला चौकशीसाठी बोलावलं. ती पुण्याची. नवरा सॉफ्टवेअर इंजिनिअर, जपानी कंपनीच्या कंत्राटावर आलेला. सात वर्षांची एक मुलगी. बाई स्वतः सकाळी तयार जेवण विकणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम करायची. अशा वेळी प्रश्न आमच्या शाखेतली एक महिला अधिकारी विचारायची आणि मी दुभाषा म्हणून बसायचो. मी मराठीत नमस्कार केला तेव्हा ती दचकली.

"तुम्ही मराठी?"

"साताऱ्याकडचा."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता ही बोलणार. पण तिने ओढणीने डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"आजींकडून तुम्ही पैसे घेतलेत?"

"नाही."

"उसने? भेट म्हणून?"

"नाही. एक येनही नाही, सर."

"मग ते पैसे कुठे जातात, हे तुम्हाला माहीत आहे?"

तिने कपातलं पाणी संपवलं. मग ती म्हणाली, "सर, ते मला सांगता येणार नाही."

आता असं उत्तर कोणता चोर देतो? माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की चोराकडे कारण तयार असतं. विचारलंत तर एक सांगतो, खोदून विचारलंत तर दुसरं सांगतो. निर्दोष माणूस गडबडतो, तारखा चुकवतो, रडतो, भांडतो. ही बाई यांपैकी काहीच करत नव्हती. तीन तासांत ती चार कप पाणी प्यायली आणि तिने "सांगता येणार नाही" हे एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हटलं. माझी सहकारी बाहेर येऊन म्हणाली, "हिला माहीत आहे." ते मलाही दिसत होतं. तिला माहीत असूनही ती चोर नाही, हे मला कुणाला पटवून देता येत नव्हतं.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. मला बघताच तो उसळला. "सर, मी तिला काल रात्रीपासून हेच सांगतोय, जे काय आहे ते सांगून टाक! माझं व्हिसा रिन्यूअल आहे पुढच्या महिन्यात. ऑफिसात कळलं तर कॉन्ट्रॅक्ट गेलंच समजा. मुलीची शाळा आहे इथे. आणि ही म्हणते, मी शब्द दिलाय. अरे, शब्द काय? कुणाला?"

"मी सांगणार नाही," आतून येत ती शांतपणे म्हणाली. "आम्हाला अकरा घरमालकांनी नाही म्हटलं होतं. परदेशी नकोत म्हणून. तू विसरलास. मी नाही विसरले."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. दोघं जिना उतरून गेली.

आमचे शाखाप्रमुख सरळ माणूस होते, पण नाकासमोर चालणारे. त्यांनी फाईल वाचली आणि म्हणाले, "तक्रार आहे, पैसे गेलेत, आणि ही बाई लपवते आहे. झडतीचं वॉरंट मागू या." याचा अर्थ मला नीट कळत होता. झडतीत काही सापडलं तर अटक. अटक म्हणजे तेवीस दिवसांपर्यंत कोठडी. नंतर ती निर्दोष ठरली तरी तोवर नोकरी गेलेली, व्हिसा गेलेला, शाळेतल्या पोरींनी लेकीला नको नको ते ऐकवलेलं. कायद्याने सुटलेल्या माणसाचा मोडलेला संसार कायदा उभा करून देत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याचाच फोन आला. "घरी या, काय बघायचं ते बघा, पण एकदा संपवा हे." वॉरंटशिवाय आम्ही कशालाही हात लावू शकत नव्हतो, पण बोलावल्यावर जायला हरकत नव्हती. मी आणि माझी सहकारी गेलो.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. मुलगी शाळेला निघाली होती. आई म्हणाली, "काकांना नमस्कार कर," तर ती जपानीत "ओहायो" म्हणून पळाली. बाईने विचारलं, "चहा टाकते, घेणार ना?" ड्युटीवर असताना घ्यायचा नसतो हे सांगेपर्यंत आधण ठेवलं गेलं होतं. पुण्याच्या घरी पोलीस चौकशीला आला तरी चहा टळत नाही, हे मला तिथे कळलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. तिने साखर काढली ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून. पिशवीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. शेजारी रवा तसाच पिशवीत, तूरडाळ पिशवीत, पोहे पिशवीत, सगळ्यांना चिमटे.

"बघा ना, सर," नवरा वैतागून म्हणाला, "या घरात एक डबा धड सापडत नाही. लग्नात सासूबाईंनी दिलेला सेट गायब. मग निशी-कासाईच्या इंडियन दुकानातून मी आणले, तेही गायब. रव्याला किडे लागतात, पण डबा मागितला की हिचं तोंड बंद."

माझी सहकारी जपानी. तिला यात काही वावगं दिसलं नाही. मला मात्र ते दृश्य बघून अस्वस्थ वाटलं. मराठी बाईच्या स्वयंपाकघरात डाळ पिशवीत? मी मान वर केली. फडताळाच्या वर, छताला टेकून, ओळीने गाठोडी मांडलेली होती; नवऱ्याला ती अडगळच वाटत आली असणार. प्रत्येकाला चौकोनी जपानी कापड गुंडाळलेलं, वर गाठ. एकाच्या कापडाच्या कोपऱ्यातून स्टीलची कड चमकत होती.

"ते वरचे डबे तुमचे?" मी विचारलं.

तिच्या हातातली साणशी थांबली. गॅस बारीक करून ती म्हणाली, "डबे माझे आहेत, काका. आतलं माझं नाही."

त्या क्षणी 'सर'चं 'काका' झालं होतं. मी विचारलं, "आत काय आहे?"

"मी उघडून बघितलेलं नाही."

"अंदाज?"

"अंदाज असणारच ना. पण दुसऱ्याची ठेव उघडून बघायची नसते. आई म्हणायची, ठेव बघितली की तिच्यावर आपली नजर बसते."

मग एवढ्यापुरतं ती बोलली, कारण ते तिच्या मते ठेवीबद्दल नव्हतं, डब्यांबद्दल होतं. तीन वर्षांपूर्वी तिने आजींना डब्यातून साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली होती. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत जशी आपली तशी जपान्यांचीही. त्यानंतर आलेल्या पेन्शनच्या दिवशी आजींनी डबा परत दिला तो कापडात बांधून, गाठ मारून. "उघडू नकोस. सांभाळ. कुणाला सांगू नकोस." पुढच्या पेन्शनला पुन्हा तेच. बाई डबा भरून नेत गेली, आजी बांधून परत देत गेल्या. असे अठरा डबे झाले.

मी स्टुलावर चढलो. हात लावला नाही, नुसतं बघितलं. प्रत्येक गाठीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टी आणि कापड दोहोंवर मिळून आजींच्या नावाचा लाल शिक्का. एकही शिक्का तुटलेला नव्हता. पट्टीवर कुंचल्याने काही लिहिलं होतं.

"हे काय लिहिलंय, तुम्हाला वाचता येतं?"

"नाही हो. फार अवघड अक्षर आहे. मला वाटलं तारीख असेल."

तारीख नव्हती. वर्ष होतं आणि नाव होतं. मुलाचं, सुनेचं, नातीचं. दर वर्षी प्रत्येकाच्या नावाचे दोन डबे. म्हणजे माणशी वर्षाला दहा लाख येन. आणि जपानमध्ये वर्षाला माणशी अकरा लाखांपर्यंतच्या भेटीवर कर लागत नाही. स्टुलावर उभ्या उभ्याच माझ्या डोक्यात उजेड पडला. आजी फसल्या नव्हत्या. त्या वारसा कर, म्हणजे आपल्यामागे मुलांना मालमत्तेवर भरावा लागणारा कर, चुकवत होत्या. त्यांच्या हिशेबी त्या मुला-नातवंडांना दर वर्षी रीतसर भेट देत होत्या, फक्त ती भेट पुण्याच्या बाईच्या फडताळावर जाऊन बसत होती.

ठाण्यात परतून मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवणं माझ्या हातात नव्हतं, आणि मला लपवायचंही नव्हतं.

"म्हणजे पैसे तिच्याच घरात," शाखाप्रमुख म्हणाले. "मग वॉरंटला अडचण काय?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. आजी स्वतः बोलतील."

त्यांनी चष्मा काढला. "ती तुमच्या मुलखातली आहे म्हणून तुम्ही हे म्हणता?"

हा प्रश्न मला झोंबला. इतकी वर्षं खाकी नाही तरी निळी वर्दी इमानाने घातली होती. मी म्हणालो, "नाही. गाठी सुटलेल्या नाहीत म्हणून म्हणतो."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "उद्या पाच वाजेपर्यंत."

पाचव्या दिवशी सकाळी मी आधी पालिकेच्या कचेरीत गेलो. तिथे एक करसल्लागार लोकांना फुकट सल्ला द्यायला बसतो. नावं न सांगता मी त्याला सगळं विचारलं. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मग मी आजींकडे गेलो. वही काढली नाही.

"आज मी पैसे कुठे आहेत हे विचारायला आलो नाही, आजी. ते मला माहीत आहे. अठरा डबे, शिक्का मारलेले."

आजींचा चेहरा पांढरा पडला. "ती बोलली?"

"नाही. डबे माझ्याच नजरेला पडले. तीन तास बसवलं होतं तिला ठाण्यात. नवरा रागावला, तरी नाही. आज पाच वाजता तिच्यावर वॉरंट निघेल, तरी नाही. तुम्ही सांगितलं होतंत ना, कुणाला सांगू नकोस?"

"सांगितलं होतं."

"तिने ऐकलं."

"वेडी मुलगी," आजी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसावेत तसे त्यांनी ॲप्रनने पुसले. "वेडी मुलगी."

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. सासरे वारले तेव्हा वारसा कर भरायला नोरी वाळवायचं मैदान विकावं लागलं होतं. यजमानांनी त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नाही, आणि पुन्हा कधी त्या रस्त्याने गेले नाहीत. आपल्या मुलावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच आजींच्या मनात होतं. गल्लीतल्या बायका सांगत, बँकेतून थोडं थोडं काढून ठेव, रोख रकमेचा माग लागत नाही. घरात ठेवायची तर चोरांची भीती, आणि करवाले म्हणे पहिल्यांदा देव्हाऱ्याच्या मागेच बघतात. मुलाला सांगावं तर तो म्हणणार, घर विक आणि सेंदाईला वृद्धाश्रमात चल. तेव्हा उरली कोण? रोज संध्याकाळी बेल वाजवून "आजी, जेवलात का?" विचारणारी भाडेकरीण.

मी त्यांना करसल्लागाराचं म्हणणं सांगितलं. कर कचेरी माणूस गेल्यावर त्याच्या खात्याची मागची कित्येक वर्षं तपासते. काढलेली रोकड कुठे गेली ते विचारते, आणि ती कुठेही ठेवलेली असो, ती मेलेल्या माणसाचीच धरते. आणि भेट म्हणाल, तर देणाऱ्याने दिली म्हणून ती भेट होत नाही. घेणाऱ्याला माहीत हवं, त्याने घेतली म्हणायला हवं.

आजींनी विचारलं, "म्हणजे तीन वर्षं सगळं फुकट?"

"फुकट नाही, आजी. तुम्ही अजून दिलंच नाहीये, एवढंच. आता द्या ना. सरळ, सांगून, कागद करून. थोडा कर पडला तर पडला. मैदान विकावं लागणार नाही."

आजी उठल्या, चालताना आधाराला धरायची चाकांची गाडी ढकलत दाराशी गेल्या आणि बूट घालायला लागल्या. "चला ठाण्यात."

"मी गाडी मागवतो."

"पोलिसांची? शेजारी बघतील." मग बुटाची पट्टी लावत त्या म्हणाल्या, "बघू देत. पाच वाजायच्या आत पोचायला हवं."

दुपारी तीनला ठाण्यातल्या लांब टेबलावर अठरा डबे मांडले होते. ते आणायला नवऱ्याने दोन मोठ्या प्रवासी बॅगा रिकाम्या केल्या होत्या. आजी, त्यांचा मुलगा, ती बाई, तिचा नवरा, शाखाप्रमुख आणि मी. आजींनी सगळा जबाब स्वतः दिला, प्रत्येक वाक्याला मान हलवत, आणि शेवटी म्हणाल्या, "या मुलीने चोरी केली नाही. चोरी केली असेल तर मीच, माझ्याच घरात." स्वतःचे पैसे स्वतः काढणं हा गुन्हा नाही, त्यामुळे आमच्या कागदावर लिहिण्यासारखं फार उरलं नाही.

"मोजून घ्या, आजी," ती बाई तिच्या मोडक्या जपानीत म्हणाली. "सगळ्यांसमोर."

आजींनी तिच्याकडे बघितलं. "मोजावे लागणार असते, तर तुझ्याकडे ठेवले असते का?"

अर्थात आम्ही मोजले, ते आमचं काम होतं, आणि सगळं जागच्या जागी होतं. शाखाप्रमुख उभे राहिले आणि त्या बाईसमोर कमरेतून वाकले. वरिष्ठ अधिकाऱ्याला संशयिताची अशी माफी मागताना मी नोकरीत त्या एकदाच पाहिलं. मग मुलगा वाकला. तो वर बघेना.

"मला राग आलाय तुमचा," ती त्याला म्हणाली, आणि शब्द अडले तेव्हा माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा त्यांना. मला खूप राग आलाय. तीन दिवस माझी मुलगी विचारतेय, आई, तू काय केलंस? पण आजी एकट्या असतात. म्हणावं, रोज एक फोन करा. एवढं केलंत तर माझं मिटलं."

मी भाषांतर केलं. एका शब्दाचीही काटछाट केली नाही. मुलाने दोनदा "हो" म्हटलं आणि त्याचा आवाज फुटला.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. पहिलं म्हणजे गप्प बसणाऱ्या माणसाला चोर समजण्याची घाई करू नये. तो काय लपवतो यापेक्षा कुणासाठी लपवतो ते आधी शोधावं. आणि दुसरं, माझ्यासारख्या संसारी माणसांसाठी. आपण मुलांसाठी ठेवतो, साठवतो, कराच्या आणि नशिबाच्या नजरेआड दडवतो, आणि त्यालाच देणं म्हणतो. तसं नसतं. घरी गेल्यावर मी बायकोला आणि मुलीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि काय कुठे आहे ते सगळं सांगितलं. मुलगी जपानीत म्हणाली, "बाबा, तुम्ही आजारी आहात का?"

महिन्याभराने आजींनी मला सुट्टीच्या दिवशी घरी बोलावलं. सेंदाईहून मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात आली होती. करसल्लागाराने भेटीचे कागद तयार केले होते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. शेजारच्या इमारतीतल्या त्या मायलेकीही आल्या होत्या, आजींनी हट्टच धरला होता. छपरावर दोन माणसं कौलं बसवत होती, त्यामुळे सगळे जरा मोठ्याने बोलत होते.

नातीने कागदावर शिक्का उठवला, दोन्ही हातांनी लिफाफा घेतला आणि मान लववून म्हणाली, "मिळालं, आजी."

आजी कानामागे हात धरून पुढे वाकल्या. छपरावरची ठोकाठोक एव्हाना थांबली होती. त्यांना नीट ऐकू आलं होतं, हे मला समोरून स्पष्ट दिसत होतं.

"पुन्हा म्हण," आजी म्हणाल्या.